मदत हवी आहे : केर्नगॉर्मचा हिवाळी ट्रेक, मैत्रिणीची बधिर बोटं आणि परत फिरायचा निर्णय

नमस्कार मंडळी,

बर्फात चालण्याचा अनुभव असलेल्यांकडून सल्ला हवा आहे, मग तो स्कॉटलंडमधला असो की हिमालयातला. आधी काय झालं ते सांगते, नाहीतर प्रश्न नीट कळणार नाही.

मी आणि माझी मैत्रीण दोघी पुण्याच्या. कॉलेजपासून एकत्र भटकतोय. राजगड, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, सगळं सोबत केलं. आता मी एडिंबरात आणि ती ग्लासगोत. इथे आल्यावर उन्हाळ्यात मन्रो चढायला लागलो (९१४ मीटरच्या वरचे इथले डोंगर, एकूण २८२). हिवाळ्यात जायचं म्हणून दोघींनी आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे काटे) वापरायचा रीतसर कोर्स केला, बूटही क्रॅम्पॉन बसतील असे कडक तळाचे घेतले. तेव्हा सामानाची यादी नकोय, ती आहे.

जानेवारीत केर्नगॉर्मला गेलो. उंची १२४५ मीटर. घरी फोनवर सांगितलं की उत्तर ठरलेलं, "कळसूबाई त्याच्याहून चारशे मीटर उंच, त्यात काय एवढं!" पण हा डोंगर ५७ अंश उत्तरेला आहे, अटलांटिकवरून येणारं वारं अडवायला मध्ये फारसं काही नाही. याच माथ्यावर मार्च १९८६ मध्ये ताशी २७८ किलोमीटरचा झोत मोजला गेला. तापमान शून्याच्या आसपास खालीवर होत राहतं, त्यामुळे आधी कपडे भिजतात आणि मग तेच ओले कपडे गोठतात. कोरड्या थंडीपेक्षा हे मला जास्त जड जातं.

बेत साधा होता. कोरी कासच्या (कोरी म्हणजे डोंगराच्या कुशीतला वाडग्यासारखा खोलगट भाग) पार्किंगपासून फियाकलच्या सोंडेने ११४१ मीटरच्या टेपावर, तिथून माथा, आणि टार्मिगनच्या (डोंगरावरच्या रेल्वेचं वरचं स्टेशन) बाजूने खाली. सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणून अंधारातच निघालो. सकाळी वारा सांगितल्याइतकाच होता. सोंडेच्या मध्यावर तो एकदम वाढला आणि ढग खाली उतरला. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, पुढचं पाऊल चढावर पडतंय की उतारावर तेही कळेना. वाऱ्याने उडालेला बर्फाचा भुगा गॉगलच्या कडेने आत शिरत होता. उजव्या हाताला कोरी अन् ट्रेख्ताचा कडा आणि त्याच्या काठावर वाऱ्याने बांधलेली, छज्जासारखी पुढे आलेली बर्फाची कड, खालून पूर्ण पोकळ. ती दिसत नव्हती, आहे एवढं नकाशावरून माहीत होतं. होकायंत्र धरून, पावलं मोजत आम्ही ११४१ ला पोचलो.

तिथे दगडांच्या आडोशाला बसून थर्मास काढला. मी तिला कप दिला तर तिने तो बोटांनी धरलाच नाही, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरला. मग चिक्कीसाठी जॅकेटच्या खिशाची चेन तिने दातांनी ओढली. मी विचारलं, "हात कसे आहेत?" म्हणाली, "ठीक आहेत, चल, माथा समोरच आहे." मी तिचा हातमोजा काढायला लावला. चार बोटं दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी, आणि पांढऱ्याची रेघ अगदी आखल्यासारखी स्पष्ट. जवळजवळ तासाभरापासून बोटांना काही जाणवत नव्हतं आणि ती एक शब्द बोलली नव्हती.

माथा तिथून किलोमीटरभरही नाही, चढ शंभरेक मीटर. तिला जायचं होतं. मी नाही म्हटलं. वाऱ्यात ओरडून ओरडून वाद झाला आणि शेवटी आल्या वाटेने उतरलो. तिचे हात मी माझ्या काखेत धरून ठेवले होते. रक्त परत आलं तेव्हा ती वेदनेने रडली. कॉलेजपासून ओळखते, पण तिला असं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता माझे प्रश्न.

तिच्या दोन बोटांची टोकं अजून थोडी बधिर आहेत. ती म्हणते होईल बरं. फ्रीजरमधून काही काढलं तरी तिची बोटं पांढरी पडतात असं ती आता सांगतेय. याचा काही संबंध असेल का?

दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. तिला फेब्रुवारीत पुन्हा जायचंय आणि तिच्या मते आपण उगाच परत फिरलो. आमच्यात लीडर कोणीच नाही, दोघींचा अनुभव सारखा. अशा वेळी निर्णय कोणाचा? त्रास लपवणाऱ्या माणसाबरोबर बर्फात कसं जायचं? तिला एकटी जाऊ देणं मला शक्य नाही आणि मैत्रीही तोडायची नाही.

*

प्रतिसाद :

ताई, मी डॉक्टर आहे. इथून निदान करता येणार नाही, पण इतके दिवस बधिरपणा टिकलाय तर या आठवड्यातच जीपीला (तिथल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवा, आणि फ्रीजरची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. थंडीत बोटं अशी ठळक रेषेपर्यंत पांढरी पडणं हे रेनॉडचं लक्षण असू शकतं. त्यात बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आकसतात. बहुतेकांना त्याचा फार त्रास नसतो आणि लागल्यास औषधंही आहेत. पण अशा व्यक्तीची बोटं बर्फात इतरांच्या आधी धोक्यात येतात. काखेत धरलेत ते उत्तम केलंत. चोळायचं नाही, शेकोटीवर किंवा हीटरवर धरायचं नाही, बधिर बोटांना भाजलेलं कळत नाही. आणि एकदा ऊब आलेली बोटं पुन्हा गोठू द्यायची नाहीत. परत फिरलात हे त्या एकाच कारणाने बरोबर ठरतं.

*

प्रतिसाद :

मी बरीच वर्षं इन्व्हरनेसला आहे. केर्नगॉर्मचं पठार मला जितकं आवडतं तितकीच त्याची धास्ती वाटते. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर शाळेची पाच मुलं आणि त्यांची तरुण साहाय्यक हिमवादळात मृत्युमुखी पडली. वाट साधी वाटते म्हणूनच लिहितोय.

निर्णयाचं म्हणाल तर आमच्याकडे एकच नियम आहे : दोघांपैकी एकाने "परत" म्हटलं की परत. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा असेल तर खाली गाडीत. पुढे जायला दोघांचा होकार लागतो, फिरायला एकाचा पुरतो. आणि हे आदल्या रात्री घरात बसून ठरवायचं. ११४१ वर उभं राहून कोणाचंच डोकं नीट चालत नाही. उणे ५ तापमान आणि ताशी ६५ किलोमीटर वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे १६ च्या आसपास.

वेळ आणि वारा हेही आकड्यांत लिहून ठेवा. अमुक वाजता जिथे असू तिथून वळायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो, तेव्हा "थोडाच वाढलाय" हे बोलणं फसवं आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी एसएआयएसचा (स्कॉटलंडची हिमस्खलन माहिती सेवा) हिमस्खलनाचा अंदाज बघता का? वारा नैऋत्येचा असेल तर बर्फ ईशान्येकडच्या उतारांवर साठतो, आणि तुमच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तसे उतार आहेत.

मैत्रिणीने त्रास लपवला म्हणून रागावू नका. गारठलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून "बरी आहेस का" असं विचारूच नका, उत्तर "हो"च येतं. दर अर्ध्या तासाला थांबून दोघींनी अंगठा करंगळीला लावून दाखवायचा. जमलं नाही की तिथेच हात गरम करायचे, आणि तरी जमलं नाही तर खाली.

*

प्रतिसाद :

अंगठा-करंगळीला +१. आम्ही केदारकंठाला हेच करत होतो. पाच बोटांच्या हातमोज्यांऐवजी मिटन (चार बोटं एकत्र राहतात असे मोजे) घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. जादा जोडी सॅकच्या तळाशी नको, जॅकेटच्या आत ठेवा. आणि मिटनला मनगटात अडकवायची दोरी हवीच, नाहीतर वाऱ्याने एकदा उडाला की गेला.

*

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद तिला तसाच पाठवला, तिने जीपीची वेळ घेतली आहे. ते हो म्हणेपर्यंत फेब्रुवारीचं काही ठरवायचं नाही, यावर ती कुरकुरत का होईना, तयार झाली. "फिरायला एकाचा पुरतो" हेही तिला पटलं. तिचं म्हणणं एवढंच की हा नियम दोघींना सारखा लागू हवा, माझीही बोटं तपासली जायला हवीत. ते अगदी रास्त आहे.

एक राहिलं. मिटन घातल्यावर होकायंत्र आणि क्रॅम्पॉनचे पट्टे कसे हाताळता? दर वेळी मिटन काढला तर ऊब जाणारच. आत पातळ लोकरीचा मोजा कायम ठेवून बाहेरचाच काढता का? आणि तो आतला ओला झाला तर काय करता?