टेरेसवर डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लॅस्टिक मिश्रणाच्या फळ्यांचा) डेक : नेरूळ, २४० चौ. फूट, बजेट ९०,०००. सल्ला हवा

खारा_वारा
नमस्कार मंडळी. नेरूळला फ्लॅटला जोडून टेरेस आहे, २० बाय १२ फूट. खाली दुसऱ्यांची बेडरूम. ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) चायना चिप्स (फुटक्या टाइलचे तुकडे), तीन बाजूंना साडेतीन फुटी कठडा, चौथीकडे स्लायडिंग दार. पावसाळी पाइपाचं तोंड दारासमोरच्या कोपऱ्यात. टेरेसचं तोंड पश्चिमेला, खाडी जवळ, दाराचे स्क्रू आणि कडी दोन वर्षांत गंजली. लाकडासारखं दिसणारं, पण दरवर्षी तेलपॉलिश मागणार नाही असं काही हवंय. बजेट मजुरीसह ९०,०००, त्यावर नाही. काम पावसाआधी संपायला हवं. उंबरा कोब्यापासून चार इंच वर आहे. काय घ्यावं, काय टाळावं?

भरीव_फळी
डब्ल्यूपीसी या एकाच नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकतात, आधी ते समजून घ्या. चौकटी आणि किचनच्या कपाटांना वापरतात तो पीव्हीसीचा फोम बोर्ड. डेकची फळी म्हणजे लाकडाचा भुसा आणि एचडीपीई प्लॅस्टिक वितळवून, दाबून काढलेली. नमुन्याचा तुकडा मागून घ्या आणि पाण्याच्या बादलीत टाका. फोम तरंगतो, डेकची फळी सरळ तळाला जाते. फोम उन्हात बाक धरतो आणि खुर्चीच्या पायाखाली दबतो.

फळी भरीवच घ्या. पोकळ फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी शिरतं, मुंग्या राहायला येतात आणि जड कुंडी ओढली की वरची पातळ भिंत फुटते. शिवाय वरून प्लॅस्टिकचा थर असलेली, म्हणजे कॅप्ड हवी. बिनथराची फळी पहिल्या काही महिन्यांत फिकी पडते. पहिल्या पावसात तिच्यातून चहासारखं पाणी सुटतं आणि त्याचे ओघळ खालच्या भिंतीवर दिसतात. आमच्याकडे २५ मिमी भरीव कॅप्ड आहे. बसवून चौ. फुटाला साडेपाचशे पडले, पण उत्तम माल.

सागवानी
प्लॅस्टिकपेक्षा सागवान केव्हाही बरं. सागात मुळातच तेल असतं, खाऱ्या हवेत टिकतं, म्हणून तर होड्यांना वापरत आले. २० मिमी फळ्या, पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू, आधी भोक पाडून मगच स्क्रू. वर्षातून एकदा दिवाळीनंतर तेलाचा हात मारायचा, बास. सालपट निघालं तर रंधा मारता येतो. डब्ल्यूपीसीवर ओरखडा आला की कायमचा.

खारा_वारा
@भरीव_फळी, साडेपाचशेने २४० फुटांचे १,३२,००० होतात. ९०,००० च्या पुढे खरंच जाता येणार नाही. @सागवानी, तेल लावणंच टाळायचंय.

मिमी_मोजा
हिशेब मांडतो, म्हणजे कोटेशन तपासता येईल. १४६ मिमीची फळी, मधे ५ मिमी फट. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी, त्यात २४ ओळी बसतात आणि दोन्ही कडांना जेमतेम २० मिमी उरतात. ओळी २० फुटांच्या बाजूने टाकल्या तर १४६ मीटर फळी लागते. २.९ मीटरची फळी घेतली तर ५१ नग, कापाकापीसह ५६ धरा. पण २० फूट म्हणजे ६.१ मीटर आणि दोन फळ्या ५.८ मीटर, म्हणजे प्रत्येक ओळीत फूटभराचा तुकडा जोडावा लागेल. लांबी निवडून मिळत असेल तर आधी तेच विचारा.

खालचे जॉइस्ट (फळ्या पेलणाऱ्या पट्ट्या) ३०० मिमीवर, म्हणजे २२ नग, प्रत्येकी १२ फूट. जिथे दोन फळ्या टोकाला भेटतात तिथे शेजारी दुसरा जॉइस्ट हवाच, नाहीतर टोक अधांतरी राहून उचलतं. क्लिपा (फळी जॉइस्टला धरणाऱ्या) साडेपाचशे नगांच्या आसपास.

टोकांमधली फट ५-६ मिमी ठेवा. सकाळी २५ अंशांची फळी मे महिन्यातल्या दुपारी ६० ला गेली तर २.९ मीटरमागे जवळपास ४ मिमी वाढते. भरदुपारी बसवलं तर फळी आधीच फुगलेली असते, तेव्हा कमी फट चालते. पहाटे बसवलं तर पूर्ण ठेवायची. ही फट न ठेवल्यामुळे मधोमध फुगलेले डेक भरपूर दिसतात आणि लोक मालाला नावं ठेवतात.

पत्रा_आणि_पाइप
क्लिपा आणि स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचे घ्या. खाडीकाठी ३०४ वर तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच अडवतं. स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू बहुतेक ४१० चे असतात आणि खाऱ्या हवेत तेच आधी गंजतात. लोहचुंबक लावून पाहा, घट्ट चिकटला तर ४१०. मात्र ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबकाने कळत नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा. एमएसचा (साध्या लोखंडाचा) बॉक्स, मग तो गॅल्वनाइज्ड का असेना, नको. कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या जागी जस्त उडतं आणि तिथून गंज आत जातो.

ऐरोली_५
+१, ३१६ च. आणि रंग फिका घ्या. पश्चिमेच्या उन्हात गडद चॉकलेटी फळीवर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही.

भरीव_फळी
अ‍ॅल्युमिनियमची काय गरज? डब्ल्यूपीसीचे जॉइस्ट निम्म्या खर्चात होतात आणि गंजायचा प्रश्नच नाही.

पत्रा_आणि_पाइप
डब्ल्यूपीसीचा जॉइस्ट सगळीकडून टेकलेला असेल तरच ठीक. पेडेस्टलवर (सुट्या ठोकळ्यांसारख्या पायांवर) अधांतरी ठेवला तर उन्हात झोळ येतो. अ‍ॅल्युमिनियमला मात्र ओल्या सिमेंटचा क्षार खातो, म्हणून खाली ईपीडीएम रबराचे पॅड घालायचे. दोन्हीत पथ्य आहे.

सागवानी
लाकडाच्या रिपा वापरा, वाळवीचं औषध मारून. झोळ नाही, क्षार नाही.

ढाळ_बघा
मंडळी, वरच्या फळीवर इतकी चर्चा आणि खालच्या पाण्याचं कोणी विचारलंच नाही. खाली दुसऱ्यांची बेडरूम आहे, तेव्हा माझं कळकळीचं सांगणं क्रमाने वाचा.

डेकआधी पाणी साठवून चाचणी घ्या. पाइपाच्या तोंडात कापड आणि प्लास्टिक घट्ट बसवून वर सिमेंटचा छोटा बांध घाला, दोन इंच पाणी भरा आणि ४८ ते ७२ तास ठेवा. खालच्यांच्या छतावर आज जिथे पोपडा किंवा डाग असेल त्याला पेन्सिलीने कडा काढून तारीख घाला. डाग रेषेबाहेर गेला तर आधी वॉटरप्रूफिंग. कडेची वाटा, म्हणजे भिंत आणि कोबा मिळतात तिथली गोलाई, बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तीच फोडून करायची.

कोब्यात एकही स्क्रू, एकही फिशर (स्क्रूसाठी भोकात बसवतात ती प्लॅस्टिकची गुल्ली) नको. बसवणारे जॉइस्ट जागेवर राहावेत म्हणून सर्रास ड्रिल मारतात. २२ जॉइस्टना प्रत्येकी चार म्हटलं तर वॉटरप्रूफिंगला ८८ भोकं. सांगाडा आपसात जोडून नुसता ठेवायचा, वजनावरच बसतो.

जॉइस्ट ढाळाच्या दिशेनेच टाका. आडवे टाकले तर प्रत्येक जॉइस्ट बंधारा होतो, मागे पाणी, पानं, डासांच्या अळ्या. पाइपाच्या तोंडावर दीड बाय दीड फुटाचं झाकण असं करा की चार स्क्रू काढून हात आत जाईल.

आणि उंबरा मोजा. २० मिमी पेडेस्टल, ४० मिमी जॉइस्ट, २५ मिमी फळी मिळून ८५ मिमी. तुमचा उंबरा चार इंच, म्हणजे साधारण १०० मिमी. उरले १५. जुलैत पाइप तुंबला तर पाणी थेट स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये. साडेतीन फुटी कठडाही तेवढाच बुटका होऊन सव्वातीनवर येतो, घरात लहान मुलं असतील तर तेही बघा.

मिमी_मोजा
उंबऱ्याचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. पूर्ण सहमत. जॉइस्ट २५ मिमीचा घेतला तर १५ मिमी वाचतात, पण मग तो पॅडवर सगळीकडून टेकवावा लागेल.

सेक्रेटरी_होतो
सोसायटीला पत्र देऊन लेखी ना हरकत घ्या, गळती झाली तर पहिलं बोट डेककडे जाईल. वजनाची काळजी करू नका, भरीव फळी आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला ४० किलोच्या आत. वावर असलेल्या गच्चीला भारतीय मानक चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरायला सांगतं.

पत्रा_आणि_पाइप
पण त्या १५० मध्ये माणसं आणि कुंड्याही येतात. दीड फूट व्यासाच्या, सव्वा फूट उंच कुंडीत ओली माती भरली की एकटीच शंभर किलोच्या आसपास जाते. कुंड्या कठड्याच्या कडेने पसरून ठेवा, डेकच्या मधोमध नाही.

ऐरोली_५
कमी बजेटमध्ये एकमेकींत अडकणाऱ्या डेक टाइल्स पण मिळतात, फूटभर बाय फूटभर. पण त्या घेऊ नका, खाली घाण साठते.

भरीव_फळी
टाइल्स नकोच. खालच्या प्लास्टिकच्या जाळीचे कान उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात. १,३२,००० एकदाच घाला आणि मोकळे व्हा.

ढाळ_बघा
माझंही मत टाइल्सच्या विरोधात. चायना चिप्सचा पृष्ठभाग एकसारखा नसतो, टाइल हलते, पायाखाली खट्खट् वाजते. आणि वाऱ्याचं काय? मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वेळी कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला होता. कडेची सुटी टाइल अशा वाऱ्यात आधी उठते.

खारा_वारा
सगळ्यांचे मनापासून आभार. कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि तुम्हा सगळ्यांच्या विरुद्ध निर्णय झाला: टाइल्सच घेतेय. कारण सांगते.

@ढाळ_बघा यांचं लिखाण वाचून चाचणी घेतली. खालच्या काकूंच्या छतावरचा डाग दुसऱ्या दिवशी पेन्सिलीच्या रेषेबाहेर चार बोटं गेला. म्हणजे वाटा फोडून नव्याने करायची, त्याचे २६,००० सांगितलेत. दुरुस्तीनंतर निदान दोन पावसाळे मला तो कोबा उघडून बघता यायलाच हवा. स्क्रूच्या डेकखाली ते जमणार नाही.

हिशेब असा: ३०० मिमीच्या टाइल, लांबीत २० आणि रुंदीत १२, बरोबर २४० नग. एका बाजूला साधारण ९६ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ५८ मिमी उरतात, ते दोन्हीकडे निम्मे सोडून झाडूसाठी मोकळे ठेवणार. फुगायलाही तीच जागा. १२ नग जास्तीचे, तुटलेल्या कानांसाठी. मला मिळालेला दर नगाला १८५, म्हणजे २५२ नगांचे ४६,६२०. वॉटरप्रूफिंग धरून ७२,६२०. उंची २२ मिमी, त्यामुळे उंबरा आणि कठडा दोन्ही सुटले.

खट्खट् थांबवायला जिथे टाइल हलेल तिथे ३ मिमी रबराचे पॅड. वाऱ्यासाठी कडेची एकही टाइल सुटी ठेवणार नाही, कुंड्या त्याच ओळीवर. रंग फिका राखाडी. घाणीचा मुद्दा मान्य आहे, दर दोन महिन्यांनी पाइपाकडच्या दोन ओळी उचलून झाडणार.

ढाळ_बघा
चाचणी घेतलीत हे फार चांगलं केलंत, ताई. मग एवढं करा: नवी वाटा झाल्यावर सात दिवस पाणी मारा आणि पुन्हा ४८ तास पाणी साठवून बघा. टाइल त्यानंतरच. पाइपाच्या तोंडावरची टाइल कुठली हे लक्षात राहावं म्हणून तिच्या पाठीवर मार्करने फुली मारून ठेवा, पावसात शोधत बसावं लागणार नाही.

मिमी_मोजा
आणि टाइल उचलताना नेहमी शेवटच्या ओळीपासून. मधली उपटायला गेलात तर कान हमखास तुटतो.

सागवानी
सागवानाच्याही अशा टाइल्स मिळतात.