पुन्हा: पाडव्याचा हॉल, चक्का आणि आयोवाचा नवा कोच

२१ मार्च २०२५, सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. पाडवा रविवारी ३० तारखेला, हॉल सकाळी दहापासून आपल्याकडे आहे. श्रीखंडासाठी चक्का कोण बांधणार ते अजून ठरलेलं नाही, साधारण साडेचार किलो लागेल. आणि तीन जणांनी वेगवेगळ्या मेलमधून एकच विचारलंय की हॉलमधला मोठा टीव्ही चालू ठेवणार का. गुढी उभारून आरती होईपर्यंत नाही. पुढचं पुढे बघू.

२१ मार्च, नाना (अँकेनी)
त्या तिघांतला एक मी, कबूल. पण काल रात्री कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या डिमॉइनच्या ड्रेकनी मिसूरीला ६७-५७ हरवलं, अकरावं सीड (मानांकन) असून सहाव्याला, आणि माझा आवाज अजून बसलेला आहे. आता विषयावरच येतो, नाहीतरी सगळ्यांच्या मनात तोच आहे. आयोवा युनिव्हर्सिटीनी गेल्या शुक्रवारी कोच फ्रॅन मॅकॅफ्रीला काढलं, पंधरा सीझननंतर. तर ड्रेकचा कोच बेन मॅकॉलम घ्यावा का? माझं मत घ्यावा, आणि दुसरं कोणी उचलायच्या आत घ्यावा. जन्म आयोवा सिटीचा, वाढला स्टॉर्म लेकला, म्हणजे घरचाच पोरगा.

२१ मार्च, बापू (आयोवा सिटी)
नाना, घरचा पोरगा म्हणून जावई करतात, कोच नाही. मी इथे ९७ पासून आहे, ही वरात मी दोनदा बघितलीये. १९९९ ला टॉम डेव्हिसना घालवलं, ज्यांची टीम त्याच वर्षी स्वीट सिक्स्टीनला (स्पर्धेतल्या शेवटच्या सोळात) गेली होती, आणि आणला कोण तर स्टीव्ह आल्फर्ड, साउथवेस्ट मिसूरी स्टेटला स्वीट सिक्स्टीनपर्यंत नेलेला, तरुण, देखणा, सगळे खूश. आठ वर्षांत आम्हाला परत तिथवर नेलं नाही, २००६ ला तिसरं सीड असून नॉर्थवेस्टर्न स्टेटकडून पहिल्याच मॅचला बाहेर. मग २००७ ला बटलरवरून टॉड लिकलायटर, त्या वर्षीचा देशातला सगळ्यात गाजलेला कोच, संथ खेळ, शिस्त, कमी चुका... काही ओळखीचं वाटतंय का? तीन वर्षांत ३८ जिंकल्या, ५८ हरल्या. १९९९ नंतर आजपर्यंत स्वीट सिक्स्टीन नाही. एका वर्षाच्या ३१ विजयांवर मला कोणी उमेदवार विकू नका.

२१ मार्च, एम्सवाला
आमच्या आयोवा स्टेटकडे कोच ओत्झेलबर्गर आला तेव्हा आधीच्या यूएनएलव्ही कॉलेजवरचं त्याचं रेकॉर्ड २९ विजय, ३० पराभव होतं, लोक म्हणाले हा काय करणार. आधीच्या वर्षी २-२२ असलेली टीम त्यानी पहिल्याच वर्षी स्वीट सिक्स्टीनला नेली. कागद बघून कोच ठरत नाही बापूकाका. तुमचं चालू द्या, आमची परवा मिसिसिपीशी मॅच आहे.

२२ मार्च, नाना (अँकेनी)
बापू, लिकलायटरचा मुद्दा लागला, रात्री झोप नीट आली नाही त्यामुळे सविस्तर लिहितो, ज्यांना फक्त चक्क्याबद्दल वाचायचंय त्यांनी खाली जावं.

एक वर्ष कोण विकतंय? ड्रेक विसरा. मॅकॉलम पंधरा वर्षं मेरिव्हिलला होता, नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटला, डिव्हिजन टू (दुसऱ्या स्तरा) मध्ये. पहिली दोन वर्षं तर मार खाण्यातच गेली, आणि कोणी काढलं नाही हे त्याचं नशीब (की त्या कॉलेजचं). मग २०१७, २०१९, २०२१, २०२२, चार वेळा नॅशनल चॅम्पियन. २०१९ ला ३८-०. २०२० ला ३१-१ होते आणि कोविडनी स्पर्धाच बंद केली. आल्फर्डचं नाव झालं ते एका मार्चमध्ये, याचं दहा-बारा वर्षांत.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मागच्या वर्षी ड्रेकचा आधीचा कोच डॅरियन डेव्हरीज वेस्ट व्हर्जिनियाला गेला तेव्हा ड्रेकची टीम जवळजवळ रिकामी झाली होती, तिथे यानी मेरिव्हिलहून आपली चार पोरं आणली, स्टर्ट्झ, मास्कारी, अब्रेऊ आणि आयझाया जॅक्सन. डिव्हिजन टू ची चार पोरं! आणि तीच पोरं व्हँडरबिल्टला हरवतात, कॅन्सस स्टेटला हरवतात, मिसूरी व्हॅली ही आपली लीग जिंकतात. बेनेट स्टर्ट्झला शाळेतून बाहेर पडताना मोठ्या कॉलेजांपैकी कोणी विचारलं नव्हतं, आज तो मॅचमागे एकोणीस पॉइंट करतो आणि चाळीस मिनिटांतला क्वचितच एखादा मिनिट बाहेर बसतो. म्हणजे हा माणूस पोरं निवडतो पण आणि घडवतो पण. ट्रान्सफर पोर्टलच्या (खेळाडूंनी कॉलेज बदलायच्या) जमान्यात पैसे टाकून पोरं सगळेच आणतात.

संथ खेळाबद्दल. मी सांगलीला कबड्डी खेळायचो हे तुम्हाला माहितीये, फार वेळा सांगून झालंय. चढाई ३० सेकंदांची, आणि कॉलेज बास्केटबॉलचा शॉट क्लॉकपण (बास्केटकडे चेंडू टाकायची मुदत) ३० चा. चांगला चढाईपटू पहिले वीस सेकंद नुसता इकडून तिकडे नाचतो, कोपरारक्षकाला खेचून बघतो, लोक ओरडतात अरे जा की आत, आणि शेवटच्या आठ सेकंदांत बोट लावून परत. फेब्रुवारीत नॅप सेंटरला ड्रेकच्या बेंचमागे चौथ्या रांगेत बसलो होतो तेव्हा हेच दिसलं. स्टर्ट्झ चेंडू आरामात चालत आणतो, स्क्रीन येतो (साथीदार डिफेंडरची वाट अडवतो), नको म्हणतो, परत बाहेर, दुसऱ्या बाजूनी स्क्रीन, परत बाहेर, घड्याळ नऊवर आलं की समोरच्याचा एक पाय चुकीचा पडतो आणि हा आत. माझ्या शेजारी बसलेले आजोबा घड्याळाकडे बघतच नव्हते, समोरच्या डिफेंडरच्या पायांकडे बघत होते. याला संथ नाही म्हणत, याला वाट बघणं म्हणतात.

आणि बापू, तुम्ही विस्कॉन्सिनचा बो रायन कसा विसरलात? प्लॅटव्हिलला डिव्हिजन थ्री मध्ये चार चॅम्पियनशिप, मग दोन वर्षं मिलवॉकी, मग २००१ ला विस्कॉन्सिन. तोही संथच. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन फायनल फोर (शेवटचे चार), त्याच बिग टेनमधून, म्हणजे आयोवाच्याच लीगमधून.

२२ मार्च, ताई (वेस्ट डिमॉइन)
नाना, छान लिहिलंय, पण मला दुसरंच दिसतंय. आमचा धाकटा ड्रेकला आहे, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, आत्ता मॅचसाठी विचिटालाच आहे. त्याच्या ट्रॉम्बोनच्या केसवर डेव्हरीजचं नाव असलेला स्टिकर आहे. मागच्या मार्चमध्ये काढ म्हटलं तर निघाला नाही, शेवटी त्यावरच मॅकॉलमचा चिकटवला. आता डेव्हरीज एका वर्षात वेस्ट व्हर्जिनिया सोडून इंडियानाला चाललाय आणि आपण इथे बसून मॅकॉलमलापण एका वर्षात उचला म्हणतोय. जाईल तो, जायलाच पाहिजे, मला कळतं. पण "घरचा पोरगा" म्हणताना ड्रेकपण घरातच आहे हे लक्षात असू द्या.

आणि आयोवाच्या हॉलमधल्या, कार्व्हर-हॉकआयमधल्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल कोणी बोलत नाहीये. आमच्या वेस्ट डिमॉइनची केटलिन क्लार्क होती तेव्हा मुलींच्या मॅचचं तिकीट मिळत नव्हतं, त्याच हॉलमध्ये मुलांच्या मॅचला वरचा भाग अर्धा मोकळा. कोच हुशार आहे पण लोक ४८-४५ ची मॅच बघायला बर्फातून येतील का?

२२ मार्च रात्री, बापू (आयोवा सिटी)
बघितली का मॅच? टेक्सास टेक ७७, ड्रेक ६४. त्यांच्या टॉपिन आणि विल्यम्सनी आत शिरून शिरून मारलं आणि ड्रेककडे त्यांना अडवायला अंगच नाही. बिग टेनमध्ये दर आठवड्याला असले दोन-दोन भेटतात. अंगापिंडाची पोरं आणायला पैसे लागतात. जुलैपासून कॉलेजांनीच खेळाडूंना पैसे द्यायचे असं चाललंय, कोर्टाची शेवटची मंजुरी तेवढी बाकी, वर्षाला साधारण दोन कोटी डॉलर, पण ते सगळ्या खेळांत मिळून. आधी फुटबॉल घेणार, मग कुस्ती (आयोवात कुस्तीला हात लावून बघा), उरलेल्यात बास्केटबॉल.

बो रायनचा मुद्दा मात्र मान्य. लिकलायटरकडे मेरिव्हिल नव्हतं हेही मान्य. माझं मत ५१ विरुद्ध ४९ नी घ्यावा असं झालंय, आणि हे नानांनी मंडळात सगळीकडे सांगत फिरू नये. अट एकच, पहिली दोन वर्षं मार खाल्ला तरी ओरडायचं नाही. मेरिव्हिलवाल्यांना जमलं होतं ते. आपल्याला जमेल का याची मला जास्त शंका आहे.

२३ मार्च, एम्सवाला
आमच्या मॅचबद्दल कोणी काही लिहू नये ही विनंती.

२३ मार्च, बापू (आयोवा सिटी)
७८-९१. लिहिलं नाही, नुसतं टाईप केलं.

२४ मार्च, नाना (अँकेनी)
झालं! आयोवानी मॅकॉलमला घेतला!! बापू, पहिल्या होम मॅचची तिकिटं माझ्याकडून, तुमच्या त्या दोन टक्क्यांसाठी.

२४ मार्च, ताई (वेस्ट डिमॉइन)
अभिनंदन नाना, मनापासून. आमचा काल रात्री उशिरा परत आला, आज दुपारी उठला, बातमी वाचली आणि म्हणाला स्टर्ट्झपण जाईल आता. मग केस घेऊन खोलीत गेला. स्टिकर सोलायला केसांचा ड्रायर मागितलान.

२४ मार्च, सेक्रेटरी
मंडळी, या धाग्यावर इतक्या मेल झाल्या, चक्क्याबद्दल एकही नाही. साडेचार किलो. नाना, तुम्ही आनंदात आहात तर तुमचं नाव लिहिते.