ऑइल फील्डच्या पाण्यात सर्फॅक्टंट टाकला, बॅक्टेरिया वाढले की मेले?

फ्लास्कवाली_बडोदा:
नमस्कार मंडळी, बडोद्यात एमएस्सी मायक्रो करतेय. डिझर्टेशनसाठी अंकलेश्वरकडचं प्रोड्युस्ड वॉटर मिळालंय, म्हणजे तेलाबरोबर विहिरीतून वर येतं ते खारट पाणी, आणि सर्फॅक्टंट, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारं साबणासारखं रसायन, टाकल्यावर त्यातले तेल खाणारे बॅक्टेरिया जास्त जोमाने कामाला लागतात का ते बघायचं होतं. दोन सर्फॅक्टंट घेतले: एका फ्लास्कमध्ये एसडीएस लिटरला 2 ग्रॅम, दुसऱ्यात सीटॅब 100 मिलिग्रॅम. दोन आठवड्यांनी सीटॅबवाला ठार. एसडीएसवाला एकदम दुधाळ, मी खूश, पण हेक्झेनने तेल काढून वजन केलं तर जवळपास तेवढंच! असं का?

अगारअगार:
सीटॅबचं नवल नाही. त्याचा चार्ज पॉझिटिव्ह, बॅक्टेरियाच्या अंगावरचा निगेटिव्ह, तो जाऊन चिकटतो नि मेम्ब्रेन फाडतो. पाइप गंजू नयेत म्हणून टाकतात ती बरीच केमिकल्स याच क्वॅट, म्हणजे पॉझिटिव्ह चार्जवाल्या, घराण्यातली.
एसडीएसचं मात्र मला पटत नाही. दुधाळ म्हणजे वाढच हे कशावरून? बफर (पीएच स्थिर ठेवायला टाकतात तो) पोटॅशियम फॉस्फेटचा आहे का? पोटॅशियमबरोबर एसडीएसचा पांढरा साका होतो, आणि त्या पाण्यात कॅल्शियम असणारच, त्याच्याशीही तेच. फ्लास्क थोडा वेळ चांगल्या गरम पाण्यात धरून बघ, साका असेल तर बराचसा विरघळेल, बॅक्टेरिया काही विरघळणार नाहीत.
आणि खरंच वाढ असली तरी ते साबणच खात असतील. स्यूडोमोनासच्या काही जाती एसडीएसचा सल्फेट कापून उरलेलं मजेत खातात, ताटात श्रीखंड असताना कारल्याला कोण हात लावतो! शिवाय साध्या पाण्यात एसडीएसचा सीएमसी, म्हणजे ज्याच्या वर त्याचे रेणू एकत्र येऊन मिसेल नावाचे बारीक गोळे बनवतात ते प्रमाण, लिटरला साधारण 2.3 ग्रॅम, मिठाने तो खाली येतो, म्हणजे तू त्याच्या वरच आहेस, तेल मिसेलमध्ये जाऊन बसलं की प्रत्येक बॅक्टेरियाला ते तिथून काढता येत नाही.

रिटायर्ड_ईटीपीवाला:
बेटा, सांडपाण्याच्या प्लँटवर एकटा एसडीएस कधी येत नाही. डीमल्सिफायर (तेल-पाणी वेगळं करणारं), गंजरोधक, बायोसाइड (जंतू मारणारं), सगळी खिचडी. वरून कोणी केमिकल बदललं आणि आम्हाला सांगितलं नाही की एअरेशन टँकवर गुडघाभर फेस, आधी नायट्रिफिकेशन, म्हणजे बॅक्टेरियांनी अमोनियाचं नायट्रेट करणं, बसायचं आणि अमोनिया वर. पण क्वॅट स्लजला, म्हणजे टँकमधल्या बॅक्टेरियांच्या गाळाला, चिकटून बसतात, त्यामुळे पाण्यात मोकळे कमी उरतात, फ्लास्कमधला डोस जसाच्या तसा प्लँटला लावू नकोस. आणि हवा बंद असते तिथलंही बघ, डिटर्जंटमधला एलएएस हवेत पटापट तुटतो, हवेविना जवळजवळ तसाच राहतो, आणि तिथे राज्य सल्फेटवाल्यांचं, एसआरबीची (याच सल्फेटवर जगणाऱ्या बॅक्टेरियांची) चाचणीची बाटली काळी झाली की कुजक्या अंड्याचा वास ठरलेला.

फ्लास्कवाली_बडोदा:
अगारअगार, तुमच्या तोंडात साखर पडो! बफर पोटॅशियमचाच निघाला, गरम पाण्यात धरला तर अर्ध्याहून जास्त ढग गायब, हसावं की रडावं. आता सोडियम बफर, जिवंत बॅक्टेरिया मोजायला प्लेट काउंट, एक फ्लास्क बॅक्टेरियाविना नि एक तेलाविना नुसत्या एसडीएसचा. काका, थोडा स्लज कुठे मिळेल का?