जुन्या कॉम्प्युटरची मेमरी मोकळी करायला तुम्ही काय काय बंद केलंत?

सातारा, शाहूपुरी
घरचा डेस्कटॉप २०१३ सालचा, रॅम ४ जीबी, विंडोज १०. वडिलांचा सातबारा, लाइट बिल, पेन्शनची कागदपत्रं सगळं याच्यावरच. गेल्या आठवड्यात ब्राउझर उघडायलाच चार मिनिटं लागली. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर मेमरी ८९ टक्के भरलेली आणि खाली अनोळखी नावांची लांबलचक रांग. शेजारचे काका म्हणाले, यातली निम्मी बंद करून टाक. पण हात धजेना. कुणी केलं असेल तर काय बंद केलं, किती मेमरी सुटली, काय बिघडलं ते सविस्तर लिहा.

कराड, डिप्लोमाची विद्यार्थिनी
धजला नाहीत तेच बरं. मी ‘सीएसआरएसएस’ नावाची प्रोसेस बंद केली. विंडोजनं इशारा दिला होता, जतन न केलेलं सोडून द्यायचं का, असं विचारलंही होतं. मी खूण करून पुढे गेले. पडदा निळा झाला आणि मशीन रीस्टार्ट. प्रोजेक्ट रिपोर्टची शेवटची अकरा पानं गेली, सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. रात्रभर बसून पुन्हा टाईप केली. ही प्रोसेस विंडोजच्या मुळाशी असते आणि ती मेमरीही अगदी थोडी घेते. एवढं गमावून मिळालं असतं ते दोन-तीन एमबी.

मिरज, डीटीपी सेंटर
आमच्याकडे ऐन लग्नसराईत झालं. मेमरी वाचवायची म्हणून ‘प्रिंट स्पूलर’ बंद केला. पत्रिकेचं प्रूफ घ्यायला नवरीचे मामा समोर बसलेले आणि प्रिंटर ढिम्म. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, तासभर गेला. शेवटी सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन स्पूलर सुरू केला आणि प्रिंट आली. छपाईसाठी आलेली कामं ओळीनं लावून प्रिंटरकडे पाठवणं हेच त्याचं काम.

वाई
एक्सप्लोरर बंद केला तर टास्कबार आणि डेस्कटॉपवरचं सगळं गायब होतं. घाबरू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातल्या फाइलमधून नवीन टास्क घ्या, ‘एक्सप्लोरर’ टाईप करा. सगळं परत येतं.

तासगाव, बेदाण्याच्या पेढीवर हिशेब बघतो
‘सिसमेन’ ही विंडोजची सर्व्हिस बंद करा असं खूपजण सांगतात. मीही केलं. टास्क मॅनेजरमध्ये ‘कॅश्ड’ म्हणून जो आकडा दिसतो, तेवढी मेमरी अडकून पडली आहे असं मला वाटायचं. तो माझा गैरसमज होता. आपण रोज उघडतो ते प्रोग्राम विंडोज सिसमेनकरवी आधीच तिथे आणून ठेवतं आणि दुसऱ्या कशाला जागा लागली की ती लगेच सोडतं. बंद केल्यावर सकाळी टॅली उघडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, कारण आमची हार्ड डिस्क जुनी फिरती आहे. पुन्हा सुरू केलं.

खरी मेमरी खात होता तो ब्राउझर. सौद्याचे भाव बघायला व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडं, वर बँक, जीएसटी आणि बातम्यांचे टॅब. लागतील तेवढेच टॅब ठेवल्यावर जवळजवळ दीड जीबी सुटली. एकही सिस्टिम प्रोग्राम बंद करावा लागला नाही.

सांगली, गणपती पेठेजवळ रिपेअरिंग करतो
वरच्या तासगावकरांशी शंभर टक्के सहमत. त्यात एक भर. रॅम वाढवण्याआधी विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट ते बघा. एका गिऱ्हाइकानं ८ जीबी बसवली आणि वापरायला जेमतेम सव्वातीन मिळाली, कारण ३२ बिट होतं. ६४ बिट टाकून दिल्यावर पूर्ण दिसली. तुमच्या २०१३ च्या मशीनला बहुतेक डीडीआर ३ प्रकारची रॅम लागेल. डीडीआर ४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसत नाही, जोर लावू नका. शिवाय विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झालेत. त्याच मशीनवर पेन्शन आणि बिलं आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

सातारा, शाहूपुरी
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टिमच्या एकाही प्रोसेसला हात लावला नाही. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन मीटिंगचं अ‍ॅप, गाण्यांचं अ‍ॅप आणि जुन्या स्कॅनरचा प्रोग्राम आपोआप सुरू होणं थांबवलं. मशीन सुरू झाल्यावर मेमरी आता ६१ टक्के. विंडोज ६४ बिट निघालं, रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे. रविवारी ४ जीबी बसवतो आणि आकडे इथेच टाकतो.