जो प्रयोग झालाच नाही, त्याची तालीम: 'धिस इज इट'चे अनुभव लिहा

काल रात्री बऱ्याच वर्षांनी 'धिस इज इट' पुन्हा पाहिला. नंतर झोप येईना, म्हणून हा धागा काढतेय.

मायकेल जॅक्सन गेला २५ जून २००९ला. लंडनच्या ओटू अरीनात जुलैपासून त्याचे पन्नास कार्यक्रम लागले होते. त्यांच्या तालमी लॉस एंजेलिसमध्ये चालल्या होत्या. त्या तालमींच्या चित्रणातून दिग्दर्शक केनी ऑर्टेगाने हा सिनेमा उभा केला आणि २८ ऑक्टोबरला तो जगभर लागला. जेमतेम चार महिन्यांत.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. ऑफिसला दांडी मारून धाकट्या भावाबरोबर सकाळचा शो गाठला. जूनपासून टीव्हीवर त्याचं नाक, त्याची कर्जं, त्याचे खटले हेच बघून जीव विटला होता. आणि इथे तो चक्क काम करताना दिसला. कानातल्या मॉनिटरचा, म्हणजे मंचावर स्वतःचा आवाज ऐकायच्या इयरफोनचा, त्याला त्रास होतो तो प्रसंग आठवतो ना? कोणीतरी कानात मूठ कोंबल्यासारखं वाटतंय म्हणतो, आणि लगेच सांगतो की हे मी प्रेमाने बोलतोय, सवय करून घेतोय. एवढा मोठा कलाकार, पण साउंडवाल्याचं मन दुखू नये म्हणून शब्द जपतो! माझे बाबा हौशी नाटकवाले. माणूस प्रयोगात नाही, तालमीत कळतो, असं ते म्हणायचे. मला मायकेल तिथे कळला.

तुम्ही कुठे पाहिलात, कोणाबरोबर, काय मनात राहिलं? हात आखडू नका, सविस्तर लिहा.

* * *

ताई, मी १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याच्या कार्यक्रमाला होतो. सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून विमानतळावर त्याचं स्वागत केलं, तो मातोश्रीवर गेला, हे सगळं आमच्या घरी पेपरात वाचून झालं होतं. मित्र आणि मी डोंबिवलीहून दुपारीच निघालो. उभं राहून पायांचे तुकडे पडले. शेवटी तो मंचावरच्या अवकाशयानातून बाहेर आला, अंगावर सोनेरी पोशाख, आणि नुसता उभा राहिला. हलेचना. आमचे घसे तिथेच बसले.

पण खरं सांगू? मला तो अंगठ्याएवढा दिसला. चेहरा पाहिला तो तेरा वर्षांनी, थिएटरात. एका युगलगीतात तो गळा राखून गायला लागतो, मग राहवत नाही, पूर्ण आवाज लावतो. खाली उभे असलेले लोक ओरडून त्याला चढवतात. गाणं संपल्यावर तो त्यांनाच रागावतो की मला असं गायला लावू नका, आवाज जपायचाय मला. त्या वेळी चेहऱ्यावर जो आनंद आहे ना, तो बघायला मी अंधेरीला गेलो होतो. मित्र तोवर दुबईला गेलेला. मध्यंतरात त्याला फोन लावला आणि दोघंही काही बोललो नाही.

* * *

मी लंडनला, हॅरोत राहते. माझ्याकडे ऑगस्टमधल्या कार्यक्रमाचं तिकीट होतं. मार्चमध्ये घोषणा झाली तेव्हा दहाच कार्यक्रम होते, मागणी बघून पन्नास केले, म्हणून तर आम्हाला मिळालं. तो गेल्यावर आयोजकांनी विचारलं, पैसे परत हवेत की आठवण म्हणून छापील तिकीट? नवऱ्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटावर टिक केली. हलवलं की चित्र बदलतं असं ते तिकीट आहे. देवघराखालच्या खणात, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवलंय.

माझ्या तिकिटावरच्या तारखेला संध्याकाळी मी जुबिली लाइनने नॉर्थ ग्रीनिचला गेले. ओटू अरीनाच्या घुमटासमोर थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. ऑक्टोबरात सिनेमा पाहताना दर गाण्याला एकच वाटत होतं, हे माझ्यासमोर होणार होतं. अकरा नर्तकांची हजारोंची फौज केली आहे पडद्यावर, ती त्या रात्री त्याच्यामागे उभी राहणार होती.

* * *

मी सांगलीचा, वीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. माझ्यासाठी हा सिनेमा म्हणजे शिकवणी आहे.

'द वे यू मेक मी फील'ची सुरुवात घोटून घेत असतात तो भाग मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. कीबोर्डवर मायकेल बेअर्डन, तोच संगीत दिग्दर्शक. सूर बरोबर, ठेका बरोबर, तरी जॅक्सन म्हणतो अजून नाही. अंथरुणातून उठवत नाही आणि आपण अंग ओढत उठतो, तसं वाजायला हवं, असं तो समजावतो. आणि थांबलेल्या जागी थांबा, शिजू द्या. कागदावर हे लिहिताच येत नाही. आमच्याकडे लावणीचा मुरलेला ढोलकीवाला हेच करतो, समेवर यायच्या आधी हात किंचित रोखतो आणि अख्खा तंबू श्वास धरून बसतो. जॅक्सनला नोटेशन लिहिता येत नव्हतं, पण प्रत्येक वाद्याची जागा त्याच्या डोक्यात पक्की होती. आमच्या ग्रुपमध्ये आता 'शिजू दे' हा परवलीचा शब्द झालाय. नवीन पोरगं घाई करायला लागलं की ड्रमवाला मागून ओरडतो.

दुसरी गोष्ट ओरियान्थीची. ही ऑस्ट्रेलियाची तरुण गिटारवादक. तिच्या सोलोच्या वेळी तो शेजारी जाऊन उभा राहतो, वरचा सूर स्वतः गाऊन दाखवतो आणि सांगतो, ही तुझी वेळ आहे, चमक. मी अशा गायकांबरोबर वाजवलंय ज्यांनी माझा पीस भर कार्यक्रमात हात दाखवून तोडला. म्हणून ते दृश्य मला अजून भिडतं.

* * *

मला हा सिनेमा सहन होत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे, कोल्हापूरला.

तो ज्या प्रोपोफॉलने गेला ते भुलीचं औषध मी रोज वापरते. सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये बनतं, म्हणून दुधासारखं पांढरं दिसतं. ते देताना श्वास थांबू शकतो, म्हणून पेशंटच्या डोक्याशी आम्ही उभे असतो, नजर मॉनिटरवर. घरच्या बेडरूममध्ये, झोप यावी म्हणून कोणी ते देईल ही कल्पनाच मला करवत नव्हती. त्याच्या डॉक्टरला २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. त्या काळात टेबलावर आडवे झालेले पेशंट सिरिंजकडे बघून विचारायचे, "मॅडम, हे जॅक्सनचं औषध का?" मी त्यांचा हात धरून सांगायचे, मी इथून हलणार नाही.

पडद्यावर सगळे त्याचा नाच बघत होते आणि मी जॅकेटखालचे खांदे बघत होते. किती वाळला होता. अर्ध्यातून उठून आले. तो स्वतः इतका चोख, त्याने कच्च्या तालमी लोकांना दाखवू दिल्या असत्या का, हाही प्रश्न आहेच. पण वरचं ऑर्केस्ट्रावाल्या दादांचं वाचून वाटतंय की उरलेला अर्धा पाहावा.

* * *

मॅडम, नक्की पाहा. उरलेल्या अर्ध्यातच 'बिली जीन' हे गाणं आहे.

मी नागपूरची, तो गेला तेव्हा पहिलीत होते. लॉकडाऊनमध्ये डान्स क्लास बंद पडला, तेव्हा सरांनी सांगितलं म्हणून लॅपटॉपवर पाहिला. घरात वाद झाला. लहानपणी त्याने आपलं लैंगिक शोषण केलं असं दोन पुरुष ज्यात सांगतात तो २०१९चा 'लीव्हिंग नेव्हरलँड' माहितीपट पाहिल्यापासून माझी मोठी बहीण त्याची गाणी लावत नाही. मी तिला अशाच आरोपांच्या खटल्यातून तो निर्दोष सुटल्याचा २००५चा निकाल सांगते, ती मला त्या दोघांचं बोलणं ऐक म्हणते. मी ऐकलंय, आणि तरी त्याचा नाच डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही खरं आहे माझ्यासाठी.

'बिली जीन'ला मंचावर तो एकटा असतो. रिकामं सभागृह. पुढे खाली नर्तक उभे, जगभरातून निवडून आलेले, आणि ते लहान पोरांसारखे किंचाळतायत. तो हळूहळू सुरू करतो, जणू पायांना विचारून बघतोय. मग पाय ऐकतात. संपल्यावर तो जरा लाजल्यासारखा म्हणतो की निदान अंदाज तरी आला.

मी तिथे थांबवलं, टेबल भिंतीला सरकवलं आणि हॉलमध्ये त्या पावलांवर सुरुवातीपासून मोजणी धरली. बहीण दारात उभी राहून बघत होती.