मदत हवी आहे: घरी गाणं रेकॉर्ड करायला परवडणारा माइक कोणता घ्यावा?

ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडायचं उपकरण) आहे, त्यात ४८ व्होल्ट फँटम पॉवरही (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) आहे, म्हणजे कंडेन्सर (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा माइक) चालेल. पण खोली अगदीच मोकळी. पंखा बंद केला तरी भिंतींवरून आवाज घुमतो, आणि कंडेन्सर तेही टिपणार. म्हणून मन शुअर कंपनीच्या एसएम५८ माइककडे झुकतंय. डायनॅमिक (कमी संवेदनशील प्रकारचा) आहे, तोंड जवळ ठेवून गायलं की खोली कमी ऐकू येते. अडचण एवढीच, त्याला गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवणं) बराच लागतो आणि माझा आवाज मुळातच हळू. गेन चढवला की मागे सूं सूं येतं का? दुसरा पर्याय ऑडिओ-टेक्निका एटी२०२० हा कंडेन्सर, आणि पाठीमागे जाड रजई टांगायची. (यूएसबी माइक नकोच.) हळू गाणाऱ्या कुणी दोन्ही वापरलेत का? ‘स’, ‘श’ कशात जास्त टोचतात?