बी.एस्सी. ॲग्रीनंतर इन्फर्मेशन सायंटिस्ट व्हायचं तर सुरुवात कुठून?

काळी_माती:
बी.एस्सी. ॲग्री झालं आहे, गाव दारव्हा तालुक्यात. इन्फर्मेशन सायंटिस्ट (ग्रंथालयातली माहिती संगणकावर सांभाळणारा) व्हायचा विचार करून राहिलो. आधी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करू की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू? पुण्याला राहणं जमणार नाही. गावच्या 'ड' वर्ग वाचनालयात एक कॉम्प्युटर धूळ खात आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

कार्डकपाट:
डिग्री आधी, भाऊ. पहिली चाळणी तिथेच लागते. कॉलेज ग्रंथपालासाठी एम.लिब.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा धरून चाला. विद्यापीठांतल्या 'इन्फर्मेशन सायंटिस्ट' पदाची पात्रता मात्र जाहिरातीगणिक बदलते, कुठे एम.लिब. मागतात, कुठे संगणकाची पदव्युत्तर पदवी. म्हणून जुन्या जाहिराती उतरवून ठेवा.
नागपूर, अमरावती दोन्ही विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्र आहे. घरी राहूनच करायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. तयारी असेल तर बंगळुरूच्या डीआरटीसीची प्रवेश परीक्षा द्या: ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९६२ साली सुरू केलेलं ग्रंथालयशास्त्राचं केंद्र, २ वर्षांचा एम.एस., विद्यावेतनही मिळतं.
ॲग्री वाया जाणार नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ, नागपूरची कापूस संशोधन संस्था, अशा ठिकाणी विषय कळणारा माणूस लागतो. एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा) ॲग्रोव्हॉक हा शेतीचा शब्दसंग्रह आत्ताच चाळायला घ्या.

झेब्रा_रीइंडेक्स:
तो कॉम्प्युटर म्हणजे तुमची प्रयोगशाळा आहे. ४ जीबी रॅम असेल तर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून त्यावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवा, फुकट आहे. नोंदी मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात, त्यातले रकाने असे: १०० लेखक, २४५ शीर्षक, ०८२ ड्यूई (विषयवार वर्गीकरणाचा) क्रमांक, ६५० विषय, आणि कोहाचा स्वतःचा ९५२ प्रत. ड्यूईत मराठी कविता ८९१.४६१, कादंबरी-कथा ८९१.४६३, कापूस ६३३.५१.
लेखकाची अधिकृत नोंद टाळू नका. कवीचं टोपणनाव 'ग्रेस' १०० मध्ये, खरं नाव 'गोडघाटे, माणिक' ४०० मध्ये. नाहीतर एकच कवी कॅटलॉगात दोन माणसं होऊन बसतो.
मराठी शोध नीट चालत नसेल तर झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) अनुक्रमणी मूळ सेटिंगवर, म्हणजे सीएचआरवर आहे. डिफॉल्ट.आयडीएक्स फाइलमध्ये ती आयसीयूवर (युनिकोड नीट समजणाऱ्या पद्धतीवर) न्या आणि पूर्ण रीइंडेक्स करा, म्हणजे अनुक्रमणी नव्याने बनवा. तरीही 'पऱ्हाटी' सापडत नसेल तर टंकन बघा. कोणी ऱ वापरतो, कोणी साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला सारखं, मशीनला वेगळं. एकच पद्धत ठरवा.

काळी_माती:
दादा, पुस्तकांची यादी डीटीपीवाल्याने आधीच टाइप केलेली आहे. कोहात घेतली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

झेब्रा_रीइंडेक्स:
जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट आहे. कन्व्हर्टरमधून काढा, पण रफार आणि पहिली वेलांटी हाताने तपासा, तिथे हमखास घसरतं. मग लिब्रेऑफिसमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (युनिकोडमधली साधी तक्त्याची फाइल) काढा. एक्सेलचं साधं 'सीएसव्ही' निवडलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आयएसबीएनचा (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा) रकाना 'टेक्स्ट' ठेवा, नाहीतर १३ अंकांचं ९.७८ई+१२ होतं आणि त्या अवस्थेत सेव्ह झालं की मागचे अंक गेलेच. मार्कएडिट या प्रोग्रॅमने मार्क फाइल बनवा, आधी २० नोंदी आत घ्या, बघा, मग बाकीच्या.

कार्डकपाट:
पायथनची घाई नको. कोहाचे रिपोर्ट एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेवर चालतात. कोणत्या विषयाची पुस्तकं वर्षभर हललीच नाहीत, एवढी क्वेरी स्वतः लिहिता आली की मुलाखतीत बोलायला मुद्दा मिळतो. पायथन लागेल ते हजारो नोंदी साफ करताना.
आणि लोडशेडिंग! यूपीएस नसेल तर चालू नोंदणीत लाइट गेली की डेटाबेस बिघडू शकतो. रोज काम संपलं की कोहा-डंप ही बॅकअपची आज्ञा चालवून फाइल पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह वाचनालयात ठेवू नका.